सोडियमच्या वाफेचं उत्तर

त्या वर्षीच्या उत्तरपत्रिका मी डायलिसिसच्या खोलीबाहेर बसून तपासल्या. आठवड्यातून तीन दिवस पहाटे उठून अक्काला रिक्षात बसवायचं, सहाच्या आत दवाखाना गाठायचा, तिला यंत्राला जोडलं की बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसायचं आणि चार तासांत जमतील तेवढे पेपर उरकायचे. मग तिला घरी सोडून, दोन घास पोटात ढकलून, दुपारच्या तासांना कॉलेजात. पेपरांच्या गठ्ठ्याला दवाखान्याचा वास लागला होता. तो कपाटालाही लागला.

अक्का माझी थोरली बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही. तंजावुरात राजवाड्यामागच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. मी कॉलेजात भौतिक रसायनशास्त्र शिकवते, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. वर्गात तमिळ, पुस्तकात इंग्रजी आणि मराठी फक्त अक्काशी. वडिलांनी लहानपणी देवनागरी गिरवून घेतली म्हणून हे लिहिता येतं आहे. शब्द अडला की अक्काला विचारते, आणि पुष्कळदा तिलाही तो तमिळमध्येच आठवतो.

तिसऱ्या वर्षाला एन्ट्रॉपीचा भाग माझ्याकडे असे. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असं सांगून बहुतेक शिक्षक पुढे जातात. मीही जात असे. खरं तर ती एक मोजणी आहे. ठरावीक ऊर्जा असताना अणू किती निरनिराळ्या अवस्थांत असू शकतात ते मोजायचं, त्या आकड्याचा लॉग घ्यायचा आणि एका स्थिरांकानं गुणायचं. या मोजणीत g हे एक अक्षर येतं. कधी कधी अगदी सारख्याच ऊर्जेच्या दोन, तीन, चार वेगवेगळ्या अवस्था असतात. त्याला डिजनरसी म्हणतात, आणि अशा अवस्था किती आहेत तो आकडा म्हणजे g. शब्द तसा वाईटच. डिक्शनरीत पाहिलं तर घसरलेला, भ्रष्ट झालेला, असा अर्थ सापडतो. दरवर्षी कोणीतरी तो पाहून येतं आणि वर्ग हसतो. हसू ओसरेपर्यंत मी थांबायची आणि सांगायची, “आपल्यापुरतं g बरोबर एक. लिहून घ्या.”

एक धरलं की गणित सुटसुटीत होतं. एकाचा लॉग शून्य. तास वेळेत संपतो.

एम.एस्सी.ला मी हे शिकले होते. शिकले म्हणजे, उतरवून घेतलं होतं. पुढची पुष्कळ वर्षं माझ्याकडे दुसरेच विषय होते. एक सहकारी निवृत्त झाले आणि हा भाग माझ्या गळ्यात आला, तेव्हा मी माझ्या जुन्या वहीतून तो पुन्हा मुलांच्या वहीत उतरवला. मध्ये माझ्या डोक्यातून तो गेलाच नाही.

त्या वर्षीच्या वर्गात पापनाशमहून येणारी एक मुलगी होती. रोज पॅसेंजरनं यायची. वडील नव्हते, आई गावातल्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायची. मुलगी फार बोलणारी नव्हती, पण एखादी गोष्ट पटली नाही की तिची पेन्सिल थांबायची. वर्गात साठ डोकी लिहीत असताना एक पेन्सिल थांबलेली दिसते. शिक्षकाला ते आवडत नाही, विशेषतः दुपारी अडीच वाजता.

“मिस,” ती उभी राहिली, “ऊर्जा सारखीच असेल तर त्या दोन अवस्था वेगळ्या का मोजायच्या? आणि मोजायच्या असतील तर आपण एक का धरतो?”

प्रश्न चांगला होता. चांगला आहे एवढं मला त्या क्षणीही कळलं, आणि उत्तर आपल्याला येत नाही हेही कळलं. मी म्हणाले, “परीक्षेला ते येत नाही. एक धर.”

ती बसली. पेन्सिल मात्र बराच वेळ हलली नाही.

शेवटच्या परीक्षेचा पेपर मीच काढला. त्याची उत्तरसूची, जिला आम्ही नुसतं ‘की’ म्हणतो, तीही माझीच. त्यात एक आठ गुणांचा प्रश्न होता. सोडियमची वाफ आहे, सगळे अणू सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर आहेत, तर इलेक्ट्रॉनांमुळे येणारी एन्ट्रॉपी किती? माझ्या कीमध्ये लिहिलं होतं, सगळे अणू एकाच पातळीवर, म्हणून मांडणी एकच, म्हणून उत्तर शून्य. हा प्रश्न मी मुलांना सहज गुण मिळावेत म्हणून घातला होता.

वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी शून्य लिहिलं. त्या मुलीनं लिहिलं होतं, सोडियमच्या अणूत सर्वांत बाहेर एकटा इलेक्ट्रॉन असतो. त्याचा स्पिन, म्हणजे स्वतःभोवतीच्या फिरकीसारखा एक गुण, वर असू शकतो किंवा खाली. ऊर्जा एकच, पण अवस्था दोन, म्हणून g दोन. खाली गणित करून उत्तर ५.७६, आणि त्याच्याभोवती चौकट.

आत कोणाच्या तरी यंत्राची घंटी वाजत होती. अक्काचं तर नाही ना, म्हणून मी उठून दारातून डोकावले. तिचं नव्हतं. परत येऊन बसले, चौकटीवर लाल रेघ ओढली आणि शून्य दिलं. तिनं असं का लिहिलं असेल, हा विचार मनात आलासुद्धा नाही. कीशी उत्तर जुळत नव्हतं, एवढंच मी पाहिलं.

निकालानंतर ती स्टाफरूममध्ये आली. हातात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. मी पिशवी भरत होते. त्या दिवशी अक्काची वेळ बदलली होती, चारला तिला आणायचं होतं.

“मिस, एकच मिनिट. इथे शून्य का दिलंत?”

“कारण उत्तर शून्य आहे.”

“पण स्पिन दोन आहेत ना?”

“ऊर्जा एकच ना?”

“एकच.”

“मग झालं.”

“पातळी एक आहे मिस,” ती हळू आवाजात म्हणाली. “अवस्था दोन आहेत.”

मी घड्याळ पाहिलं. तिनं मला घड्याळ पाहताना पाहिलं. “हे बघ,” मी म्हणाले, “कीमध्ये आहे ते आहे. पटत नसेल तर फेरतपासणीचा अर्ज कर.”

तिनं अर्ज केला. पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे गेला, पण त्यांच्यासमोरही माझीच की होती. गुण बदलले नाहीत. एम.एस्सी.च्या यादीत तिची जागा थोड्या गुणांनी हुकली. आठ मिळाले असते तर आत आली असती. पुढे ती पापनाशमला कुठेतरी नोकरीला लागल्याचं कानावर आलं. मला वाईट वाटलं, पण जसं दर वर्षी दोन-चार मुलांबद्दल वाटतं तसंच. तिच्याबद्दल वेगळं काही वाटायला हवं होतं हे मला माहीत नव्हतं.

मग चार वर्षं गेली. अक्काचं डायलिसिस चालूच होतं. यंत्राला जोडायची हाताची शीर एकदा बंद पडली, पुन्हा दुसऱ्या हातात शस्त्रक्रिया झाली. माझे केस पिकले, खुर्च्या मात्र त्याच राहिल्या.

अभ्यासक्रम बदलला आणि नव्या पुस्तकात एक प्रात्यक्षिक गणित आलं. वायूच्या अणूची एन्ट्रॉपी सूत्रानं काढायची आणि प्रयोगांवरून ठरवलेल्या तक्त्याशी ताडून पाहायची. वर्गात फजिती नको म्हणून मी आधी स्वतः करून पाहायचं ठरवलं. दवाखान्यातच, त्याच खुर्चीवर, मांडीवर वही आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर. आर्गॉन घेतला. सूत्रानं आलेला आकडा तक्त्याशी जवळजवळ शेवटच्या अंकापर्यंत जुळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला क्वचितच झाला असेल असा आनंद झाला. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय झालं, टीचर?” मी म्हणाले, “काही नाही, बरोबर आलं.”

मग सोडियम घेतला. सूत्रानं आलं १४७.९५. तक्त्यात होतं १५३.७१.

मी चुकले असणार. अणुभार पाहिला. दाबाचं एकक पाहिलं. सगळं पुन्हा केलं, तेच आलं. तिसऱ्यांदा केलं. मग कंटाळून नुसती वजाबाकी केली, की पाहू तरी किती कमी पडतं आहे.

५.७६.

हा आकडा ओळखीचा होता, पण कुठला ते सुचेना. मी स्थिरांक घेतला, दोनाच्या लॉगनं गुणला. ५.७६. आणि मग तो आकडा मला चौकटीत दिसला, वर माझी लाल रेघ.

सगळं एकदमच उलगडलं, आणि किती सोपं होतं ते! आर्गॉनमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं असतात, तिथे खरोखरच एकच अवस्था, म्हणून आकडा जुळला. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन एकटा. तो वर की खाली, ऊर्जेला फरक पडत नाही, पण तो वर असणं आणि खाली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एन्ट्रॉपी ऊर्जा किती हे विचारत नाही. ती विचारते, तेवढ्या ऊर्जेत किती परींनी असता येतं. मी दर वर्षी पातळ्या मोजत आले होते, अवस्था मोजायच्या होत्या. त्या मुलीनं हे मला स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या सांगितलं होतं.

अक्का बाहेर आली, हाताला पट्टी, चेहरा राखेसारखा. रिक्षात मी तिला सांगितलं. डायलिसिसनंतर ती सहसा डोळे मिटून बसते. त्या दिवशी उघडे ठेवून ऐकलं.

“म्हणजे पोर बरोबर होती?” तिनं विचारलं.

“हो.”

“आणि तू चुकलीस?”

“हो.”

“मग जाऊन सांगून ये गे.” आमच्या घरची मराठी अशी जुनी, अजून ‘गे’ म्हणणारी.

“चार वर्षं झाली, अक्का. आता सांगून काय होणार?”

“काय होणार तें मजला ठाऊक नाही. तिला तर ठाऊक होऊं दे.” रिक्षा खड्ड्यातून गेली, तिनं हात सावरला. मग म्हणाली, “आणि एक. माझ्या दुखण्याचं नांव घेऊं नकोस तिजपाशी. बहीण आजारी होती म्हणून चुकलें, असं नको. तूं मला यांत घालूं नकोस.”

नेमकं तेच सांगायचं माझ्या मनात होतं.

विभागाच्या जुन्या वहीत मुलीच्या घरचा नंबर सापडला. तो फिरवायला मला पंधरा दिवस लागले. फोन आईनं घेतला. “ती गिरणीत असते. शनिवारी अर्धा दिवस. का टीचर, काही सर्टिफिकिट राहिलं का?” मी म्हणाले, काही राहिलं नाही, मीच येते.

शनिवारी सकाळी पॅसेंजरनं पापनाशमला उतरले. कापणीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला भात पसरलेलं आणि बसेस त्याच्या बाजूनं सावकाश जात होत्या. गिरणी स्टेशनापासून चालण्याजोगी निघाली. आत शिरल्यावर कोंड्याची धूळ नाकात गेली. मागच्या बाजूला काचेची एक लहान खोली होती. तिथे ती बसली होती. येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या भाताचा नमुना घेऊन त्यात ओलावा किती ते तपासायचं, तिचं काम. समोर यंत्र, वाट्या आणि अगदी नीट आखलेली नोंदवही.

“मिस!” ती उठून उभी राहिली. चेहरा थोडा भरला होता. बाकी तीच.

मी खुर्चीवर बसले आणि रिक्षात, आगगाडीत मनात जुळवलेलं सगळं विसरले. पिशवीतून वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. आर्गॉन, सोडियम, वजाबाकी. तिनं पान वाचलं. बोट ५.७६ वर थांबलं.

“तुझं उत्तर बरोबर होतं,” मी म्हणाले. “की चुकीची होती. की मी केली होती.”

बाहेर ट्रॅक्टर आला, कोणीतरी नमुन्याची पिशवी खिडकीतून आत दिली. तिनं ती घेतली, बाजूला ठेवली.

“मला माहीत होतं, मिस.”

“केव्हापासून?”

“निकालानंतरच्या आठवड्यात. लायब्ररीत एक जाड पुस्तक होतं, त्यात हाच सोडियम होता.”

“मग परत का नाही आलीस माझ्याकडे? पुस्तक घेऊन यायचं. मी पाहिलं असतं.”

तिनं वर पाहिलं. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. “आले होते,” ती म्हणाली. “दारापर्यंत आले. तुम्ही टेबलावर डोकं ठेवून बसला होतात. खूप दमलेल्या दिसत होतात. वाटलं, आता हेही कशाला.” मग, “घरी काही होतं का मिस, तेव्हा?”

अक्काचं नाव अगदी जिभेवर आलं. “ते सोड,” मी म्हणाले. “चूक माझी होती.”

तिनं मान हलवली आणि भाताचा नमुना यंत्रात ओतला. आकडा आला, तो वहीत लिहिला, खिडकीतून सांगितला. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “एक गोष्ट मला त्या पुस्तकातूनही नीट कळली नव्हती. विचारू?”

“विचार.”

“ऊर्जा अगदी सारखी असेल, तर त्या दोन आहेत हे निसर्गाला कसं कळतं? आपण मोजतो म्हणून दोन का?”

चार वर्षांपूर्वीचाच प्रश्न. या वेळी मी तयारी करून आले होते. मी म्हणाले, “त्या वाफेजवळ चुंबक आण. एकीची ऊर्जा थोडी वर जाते, दुसरीची थोडी खाली. एका पातळीच्या जागी दोन दिसतात. चुंबकानं त्या दोन केल्या नाहीत. त्या दोनच होत्या, फक्त एकाच उंचीवर उभ्या होत्या. चुंबक काढून घेतला की पुन्हा एका उंचीवर येतात, पण मोजणीतून एक कमी होत नाही.”

ती ऐकत होती. हातात पेन्सिल होती आणि ती थांबली होती. मग म्हणाली, “आणि तापमान अगदी शून्यापर्यंत नेलं तर? तेव्हा एन्ट्रॉपी शून्य व्हायला हवी ना? दोनाचा लॉग मग कुठे जातो?” मी उत्तर द्यायच्या आत तिनंच दिलं. “पण तेव्हा ती वाफ राहणारच नाही. घट्ट होईल. अणू जवळ आले की एकटे इलेक्ट्रॉन एकटे राहणार नाहीत, जोड्या लागतील.”

“हो,” मी म्हणाले.

दुपारी ती मला घरी घेऊन गेली. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. आईनं रसमभात आणि केळफुलाची भाजी वाढली. शाळेत दोनशे मुलांसाठी रांधणारा हात. दोघींसाठी केलेल्या जेवणात आम्ही तिघी पोटभर जेवलो आणि उरलं. जेवण होईपर्यंत तिनं मला काही विचारलं नाही. हात धुतल्यावर विचारलं, “काय काम काढलंत, टीचर?”

मुलगी म्हणाली, “काही नाही गं अम्मा.” मी म्हणाले, “नाही, सांगते,” आणि जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. स्पिन, अवस्था, यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, तुमच्या मुलीनं परीक्षेत एक उत्तर बरोबर लिहिलं होतं, ते मी चूक ठरवलं, आणि त्यामुळे तिची पुढची जागा गेली.

आई भिंतीला टेकून बसली. पदरानं हात पुसत राहिली. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलावं असंही वाटत होतं.

“हिनं तेव्हा मला सांगितलं होतं, माझं बरोबर आहे म्हणून,” ती शेवटी म्हणाली. “मीच म्हटलं, टीचर चुकेल का? तू नीट वाचलं नसशील.” मग मुलीकडे न पाहता म्हणाली, “मी हिला तसं म्हणायला नको होतं.”

मुलगी उठून भांडी घेऊन मागे गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

“गुण आता मिळतील का?” आईनं विचारलं.

“मी अर्ज करीन. पण मिळतील असं वाटत नाही.”

“मग निदान लिहून द्या. हिचं बरोबर होतं, एवढं. तुमच्या सहीनं.”

मी वहीतलं एक पान फाडलं आणि तमिळमध्ये लिहिलं. अमुक प्रश्नाचं या विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर होतं. उत्तरसूची चुकीची होती. ती मी तयार केली होती. खाली सही, हुद्दा. आईनं ते वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, आतल्या मुलीला ऐकू जाईल असं. आणि रेशनकार्ड ठेवायच्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवलं.

सोमवारी मी प्राचार्यांना अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. “मॅडम, त्या वर्षाच्या उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेल्या. नियमानं बदल होऊ शकत नाही. आणि हे असं कागदावर आणून तुम्हाला काय मिळणार? दोन वर्षांत तुम्ही निवृत्त होणार.” ते दुष्ट माणूस नाहीत. त्यांनाही घरी जायचं होतं. मी म्हणाले, अर्ज घेतल्याचा शिक्का तेवढा द्या. शिक्का मिळाला. उत्तर अजून आलेलं नाही, येणारही नाही.

मुलीला मी पुन्हा प्रवेशासाठी प्रयत्न कर म्हणाले. मला वाटत होतं, ती हो म्हणेल आणि माझ्या मानेवरचं ओझं उतरेल. ती नाही म्हणाली. आईचे गुडघे गेले आहेत, शाळेतलं काम फार दिवस जमणार नाही. गिरणीत तिला मान आहे, तिथला तपासणीचा सगळा भाग आता तिच्याकडे येणार आहे. “मिस, मी तेव्हा शिकले असते,” ती फोनवर म्हणाली. “आता मला वाटत नाही तितकं. खरंच सांगते. पण पुस्तक असेल तर द्या.” मी माझं जाड पुस्तक पार्सल केलं. पोस्टात वजन करताना वाटलं, एवढंच का?

त्या वर्षापासून मी वर्गात g बरोबर एक सांगत नाही. आर्गॉन आणि सोडियम दोन्ही करून घेते आणि आकडा कमी पडला की थांबते. दोन तास जास्त जातात. कोणी जांभया देतं, कोणी घड्याळ बघतं. शेवटी मी सांगते, की हा प्रश्न मी एकदा परीक्षेला घातला होता आणि बरोबर उत्तराला शून्य दिलं होतं. पहिल्या वर्षी हे सांगितल्यावर विभागप्रमुखांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, मुलांसमोर असं कशाला? मी म्हटलं, मग कोणासमोर?

अक्काला मी पापनाशमहून परत आल्यावर सगळं सांगितलं होतं. “माझं नांव घेतलंस का?” तिनं आधी तेवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं समाधानानं कूस बदलली आणि झोपली. मी तिच्या पायाशी बसून राहिले. हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. नुसती दमले होते, नेहमीसारखीच.

मागच्या महिन्यात पापनाशमहून एक मेसेज आला. मुलगी पुस्तकातलं क्लोरीनच्या अणूचं गणित करत होती. त्याच्या सर्वांत खालच्या पातळीवर चार अवस्था असतात, म्हणून चाराचा लॉग घेऊन तिचं उत्तर ११.५३ आलं होतं. तक्ता आणि सूत्र यांतला फरक मात्र ११.८३ येत होता. तिनं विचारलं होतं, “थोडंसं कमी पडतं आहे मिस. वरच्या पातळीवर थोडे अणू गेले असतील म्हणून का?”

अक्का आत यंत्राला जोडलेली होती. बरोबरच असणार, असं मला वाटलं, आणि तसं लिहून टाकायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी वही काढली. वरच्या पातळीच्या दोन अवस्था, त्यांच्यापर्यंत पोहोचणारे थोडे अणू, सगळं मांडलं. मध्ये एकदा घातांकाचं चिन्ह चुकलं, ते खोडून पुन्हा केलं. पाऊण तास गेला. ११.८३ आलं. मग तिला लिहिलं, “हो. तू म्हणतेस तसंच आहे. मी करून पाहिलं.”